काळ्याचं करडं

लखनौत उभ्या असलेल्या गाडीचं वय ओळखायला नंबरप्लेट बघावी लागत नाही. 'यूपी ३२'च्या पुढची अक्षरं वाचण्याआधी नजर पुढच्या काचेच्या पायथ्याशी न्यावी. वायपर जिथे विसावतात तिथे काळ्या प्लास्टिकची एक जाळीदार पट्टी असते. ती आकाशाकडे तोंड करून आडवी पडलेली असते, त्यामुळे सगळं ऊन तिच्याच वाट्याला येतं. गाडी शोरूममधून निघते तेव्हा ती दाट काळी असते. काही उन्हाळे गेले की करडी पडते, पुढे राखाडी होते आणि मग तिच्यावर पांढरट ओघळ दिसू लागतात. तिच्या मागोमाग आरशाचं बूड, चाकांवरच्या कमानी आणि सगळ्यात शेवटी दारांखालच्या पट्ट्या उतरतात. बॉनेट अजून चकाकत असतं, आणि त्याच गाडीचं काळं प्लास्टिक मात्र पेन्शनीत निघालेलं असतं.

ऊन दोघांनाही सारखंच लागतं, मग हा पंक्तिप्रपंच का? बॉनेटच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा एक थर असतो. ऊन शोषणारी रसायनं त्या थरात घातलेली असतात, आणि खराब व्हायची वेळ आली तर आधी तो थर खराब होतो. काळ्या प्लास्टिकवर असं काहीच नसतं. साच्यातून निघालं की ते तसंच उघडं गाडीला लागतं. त्याला जे काही संरक्षण असतं ते आधीच त्याच्या पोटात घातलेलं असतं. ते किती घातलं, हे ना गिऱ्हाइकाला ठाऊक असतं ना विकणाऱ्याला.

लखनौत हा विषय घेऊन जायचं ठिकाण म्हणजे लालबाग. मुंबईकराला या नावाने राजा आठवेल. लखनौचा लालबाग मात्र हजरतगंजला खेटून आहे आणि तिथे गाड्यांच्या सामानाचा बाजार भरतो. सीट कव्हरं, हॉर्न, काचेची फिल्म, पायाखालच्या मॅट, गाडीला लावता येईल असं काय म्हणाल ते. दुकान लहान आणि काम रस्त्यावर. गाडी दुकानासमोर तिरकी लावायची, चावी द्यायची आणि शर्माजींच्या प्रसिद्ध टपरीवर चहा, बन-मक्खन आणि गोल समोसा खाऊन परत यायचं, हा इथला रिवाज. इथून थोडंच पुढे कैसरबाग लागते. भातखंड्यांनी १९२६ साली सुरू केलेलं मॅरिस संगीत कॉलेज आज विद्यापीठ होऊन तिथे उभं आहे. मराठी माणसाला लखनौ ओळखीचं वाटतं ते त्या वाटेनं. लालबागेकडे त्यातले फारसे फिरकत नाहीत, गाडी असल्याशिवाय.

एका दुकानासमोर पाच-सहा वर्षं वापरलेली एक छोटी एसयूव्ही उभी होती. कारागीर पन्नाशीचा. सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत होते. मालकाने चाकावरच्या करड्या कमानीकडे बोट दाखवून 'ये काला कर दीजिए' म्हटलं. उस्तादने बाटलीला हातसुद्धा लावला नाही. बोट पाण्यात बुडवलं, कमानीवर एक रेघ ओढली आणि थांबला. रेघ काळीभोर उमटली, आणि पाणी सुकलं तशी पुन्हा करडी झाली. मग बॉनेटच्या कडेपाशी त्याने तेच केलं. तिथे प्लास्टिकच्या खडबडीत रव्यांत अडकलेले पांढरे ठिपके ओले होऊनही पांढरेच राहिले. 'ये धूप का खाया हुआ है,' कमानीकडे पाहत तो म्हणाला, आणि ठिपक्यांकडे वळून, 'ये किसी पॉलिशवाले की मेहरबानी है.'

एवढ्या परीक्षेत अर्धं काम झालं. काळ्या प्लास्टिकचा करडेपणा एका जातीचा नसतो. एक उन्हाचा. दुसरा, गाडीच्या रंगाला वॅक्स किंवा रबिंग कंपाउंड लावताना हात घसरून प्लास्टिकच्या रव्यांत जाऊन सुकलेल्या पांढऱ्या भुकटीचा. तिसरा पाण्याचा. लखनौत बोअरचं पाणी जड आहे. सकाळी बादलीभर पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात सोडून दिली, की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांचा डाग ओळखता येतो, कारण त्याला थेंबाची गोल कड असते. दिसायला तिघे सारखे, पण औषधं तीन. पांढऱ्या भुकटीला मऊ दातघासणी आणि साबणाचं पाणी लागतं, कधी शाळेतला साधा खोडरबरही पुरतो. क्षाराला पाणी घालून पातळ केलेला व्हिनेगर चालतो, मात्र त्यानंतर गाडी नीट धुऊन लगेच पुसायला हवी. उन्हाच्या करडेपणावर यातलं काहीच चालत नाही. बाजारात मात्र तिन्हींवर एकच चकचकीत द्रव ओततात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे प्लास्टिक आहे तरी काय? त्याचं उत्तर त्याच्याच पाठीवर कोरलेलं असतं. उस्तादने कमानीचा एक तुकडा क्लिपांतून सोडवून उलटा केला. आतल्या बाजूला, दोन बाणाच्या टोकांमध्ये, रोमन लिपीत बारीक अक्षरं उठलेली होती: पीपी, अधिक ईपीडीएम, टीडी २०. पुढे भंगारात काय कुठे टाकायचं ते कळावं म्हणून ही खूण करतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे रबर, थंडीत धक्का लागला तर तुकडा फुटू नये म्हणून घातलेलं. टीडी २० म्हणजे वीस टक्के टाल्क, पावडरच्या डब्यात असतं तेच शंखजिऱ्याचं पीठ, कडकपणासाठी. काळेपणा येतो काजळीमुळे. म्हणजे ज्याला आपण काळं प्लास्टिक म्हणतो त्याचा पाचवा हिस्सा मुळात पांढरा आहे. वरचा काळा थर झिजला की तो दिसणारच.

पॉलिप्रॉपिलीन मिलानचं. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते शिस्तीत बांधलेल्या साखळीच्या रूपात मिळवलं, आणि १९६३ साली कार्ल झिगलर यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. मिलानचा लखनौशी आणखी एक धागा आहे. लँब्रेटा स्कूटर बनवणारा इनोचेंतीचा कारखाना मिलानमधलाच. तिथे स्कूटर बनणं थांबलं तेव्हा तिची यंत्रं आणि हक्क भारत सरकारने विकत घेतले आणि १९७२ साली लखनौच्या सरोजिनीनगरात 'स्कूटर्स इंडिया' उभी राहिली. विजय सुपर आणि विक्रम टेम्पो तिथलेच. २०२१ साली सरकारने कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या स्कूटरचं अंग पत्र्याचं होतं. ते गंजायचं, ठोकून सरळ करता यायचं, पुन्हा रंगवता यायचं. एकाच शहरातून आलेल्या दोन वस्तूंपैकी पत्र्याची वस्तू लखनौकरांना दुरुस्त करता आली. प्लास्टिकचं तसं नाही.

त्यामागचं कारण रसायनात आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनचा अणू असा असतो की त्याचा हायड्रोजन सहज सुटतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी साखळीत एकदा मुक्त कण तयार झाला, की हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो, पेरॉक्साइड बनतं, ते फुटतं आणि फुटताना साखळी तोडतं. तुटलेली टोकं शेजारच्या साखळीला ओढतात. ही साखळी-प्रक्रिया उष्णतेने वेग घेते, आणि जूनमध्ये लखनौचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं काळं प्लास्टिक हात ठेवता येणार नाही इतकं तापतं. साखळ्या आखूड झाल्या की वरचा थर आकसतो आणि त्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात. हे सगळं कागदाच्या जाडीएवढ्या वरच्या थरात घडतं. आतलं प्लास्टिक धडधाकट असतं.

या भेगा आणि उघडी पडलेली टाल्कची पूड मिळून प्रकाश चहूकडे उधळतात. तो उधळलेला प्रकाश म्हणजेच आपल्याला दिसणारा करडेपणा. भेगेत हवेऐवजी पाणी भरलं की प्रकाश उधळणं कमी होतं आणि पृष्ठभाग काळा दिसतो. पावसात लखनौतल्या सगळ्याच गाड्या नव्या दिसतात त्या यामुळे. तेल किंवा सिलिकॉन भरलं तर ती जादू आणखी चांगली चालते, कारण त्यांच्यातून प्रकाश जसा वळतो तो प्लास्टिकच्या अधिक जवळचा असतो. बाजारातल्या बहुतेक बाटल्यांचं रहस्य एवढंच आहे. त्या भेगा भरतात. प्लास्टिक बरं होत नाही.

मग रंग टिकवणारं खरं औषध कुठे असतं? कारखान्यात. दाणे वितळवून साच्यात घालायच्या आधी त्यात अमाइन जातीची स्थिरकं मिसळतात. ती मुक्त कणांना पकडतात, आणि पकडून झाल्यावर पुन्हा कामाला लागतात, म्हणून थोडी असली तरी खूप काळ पुरतात. काजळीही मोठी राखणदार आहे. पाण्याच्या काळ्या एचडीपीई नळांसाठी भारतीय मानकात काजळीचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास ठरवून दिलं आहे. गाडीच्या कमानीत किती काजळी आणि किती स्थिरक, हे ज्या त्या कंपनीच्या हिशेबावर. शेजारी शेजारी, एकाच वयाच्या आणि एकाच उन्हात उभ्या दोन गाड्यांपैकी एक काळी आणि एक करडी दिसते, ती बहुतेक वेळा याच हिशेबामुळे. प्लास्टिकवर अशा चाचण्या करणारी माणसं आणि यंत्रं लखनौत नाहीत असं नाही. १९६८ साली मद्रासला सुरू झालेल्या 'सिपेट' या केंद्रीय संस्थेचं एक केंद्र इथल्या अमौसी औद्योगिक वसाहतीत आहे. पण लालबागेतल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा तुकडा तिथवर कशाला जातोय!

जगभरच्या कंपन्या प्लास्टिकचे नमुने फ्लोरिडाच्या दमट आणि अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या उन्हात मांडवावर महिनोन्‌महिने ठेवून तपासतात. लखनौला वर्षभरात दोन्ही मिळतात. मे-जूनची कोरडी लू आणि धूळ अ‍ॅरिझोनाची, जुलै-ऑगस्टची घामट उकाड्याची हवा फ्लोरिडाची, आणि वर डिसेंबर-जानेवारीचं धुकं. धुळीचा वाटा लोक विसरतात. कोरडं फडकं मारलं की ती रव्यांत घासली जाते. पहाटे सोसायटीत फडकं मारून जाणारा मुलगा महिनाभर इमानेइतबारे जे करतो, ते वाळूच्या कागदाचं काम असतं. आधी पाणी, मग फडकं, एवढं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता थोडं मागे जाऊ या, कारण हे काळं प्लास्टिक गाडीवर आलं तरी कसं, हा यातला सगळ्यात खमंग भाग आहे. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचे बंपर क्रोमचे होते. युरोपात रेनोने १९७२ साली 'रेनो ५' ही गाडी प्लास्टिकच्या करड्या बंपरसह आणली. लहानसहान धक्का बसला तर पत्रा चेपतो, प्लास्टिक नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे मारुती आली आणि काळा बंपर घराघरात पोचला. पण त्याबरोबर एक सामाजिक पायरीही आली. काळा बंपर म्हणजे साधं मॉडेल, गाडीच्या रंगाचा बंपर म्हणजे वरचं. कितीतरी घरांत पहिला बोनस मिळाला की बंपर रंगवून घेतला जायचा. नवी गाडी घेण्याइतके पैसे नसले तरी काळेपणातून सुटका होत होती.

मग वारं फिरलं. १९९० च्या दशकात सुबारू आणि व्होल्व्हो यांनी साध्या स्टेशन वॅगनला उंची आणि काळी प्लास्टिकची कड देऊन 'रानावनातली गाडी' म्हणून विकलं. आपल्याकडे रेनो डस्टर २०१२ साली आली, क्विड २०१५ साली, नेक्सॉन २०१७ साली, एस-प्रेसो २०१९ साली, टाटा पंच २०२१ साली, ह्युंदाई एक्स्टर २०२३ साली. चाकांच्या कमानींपासून दारांच्या तळापर्यंत काळी झालर. जो काळेपणा कालपर्यंत गरिबीचा होता तो आता रांगडेपणाचा झाला, आणि त्याला 'क्लॅडिंग' असं भारदस्त नाव मिळालं. ही गाडी लखनौच्या गोमतीनगरातून हजरतगंजला जाते आणि परत येते. जंगल, खडक, चिखल हे जाहिरातीत.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर यात चतुराई आहे. गाडीच्या कारखान्यात सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारा विभाग रंगाचा. जो भाग रंगवायचाच नाही त्याचा तेवढा खर्च वाचला. शिवाय ओरखडा दिसत नाही, दगड लागला तर पापुद्रा उडत नाही, हेही खरंच. बिचारं प्लास्टिक कामाचं आहे. पण रंगाचा वाचलेला खर्च गाडीच्या किमतीतून कमी झाल्याचं गिऱ्हाइकाच्या बिलात मला कुठे दिसलं नाही. तो खर्च पुढे ढकलला गेला, आणि ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याने तो लालबागेत हप्त्या-हप्त्याने फेडायचा. वॉरंटीत विचारलं तर ऊन-पावसाने रंग उतरणं म्हणजे सर्वसाधारण झीज, असं बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं.

फेडायच्या पद्धती अनेक. इंदिरानगरात दोन पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरात काकूंचा सरसों तेलावर भलता विश्वास. 'अहो, जरा बंपरला हात फिरवा, पाहुणे यायचेत,' असं त्या काकांना सांगतात आणि काका निमूट वाटी घेऊन खाली जातात. तासाभरात गाडी झकास दिसते. संध्याकाळपर्यंत त्या तेलावर अख्ख्या मुन्शी पुलिया चौकाची धूळ येऊन बसते, कारण सरसोंचं तेल सुकत नाही, चिकट होतं. डिझेलचं फडकं मारणारेही आहेत, आणि ते त्याहून वाईट. डिझेल रबराला फुगवतं. त्यामुळे कमान काळी दिसते खरी, पण शेजारच्या काचेच्या रबरी पट्ट्याही ईपीडीएमच्याच असतात, त्या सैल पडतात. बुटाचं पॉलिश पँटीला लागतं, एवढंच त्याबद्दल सांगणं पुरे.

टायरसाठी विकलं जाणारं स्वस्त सिलिकॉन सगळ्यात जास्त खपतं. उस्तादच्या भाषेत, 'चार दिन की चाँदनी.' त्यातही पाण्यात मिसळलेलं दुधाळ सिलिकॉन बरं, पेट्रोलच्या वासाचं टाळावं. आणि पुढे गाडी रंगवायची असेल तर रंगाऱ्याला आधी सांगावं, कारण सिलिकॉनचा अंश राहिला की नवा रंग जागोजाग मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक यायच्या सकाळी हीच बाटली फिरते. पांढरा रुमाल कमानीवर घासून पाहावा. रुमाल तेलकट झाला तर काळेपणा आजचा आहे.

हीट गनची करामत बघायला गर्दी जमते. गरम हवेचा झोत फिरवला की करडा पृष्ठभाग डोळ्यांदेखत काळा होतो. वरचा भेगाळलेला थर वितळून पुन्हा बसतो. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळतं आणि झोत त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, त्यामुळे हात एका जागी क्षणभर जास्त रेंगाळला तर रवे सपाट होतात आणि कमान वाकते. शिवाय थर तोच, साखळ्या तुटलेल्याच. एकदा जमतं, फार तर दोनदा.

उस्ताद वापरतो तो रंगद्रव्य असलेला द्रव. फरक केसांना तेल चोपडणं आणि कलप लावणं यातला. तेल धुतलं की गेलं, कलप मुरतो. पण कलप लावण्याआधी केस स्वच्छ लागतात, तसं इथेही. त्याने आधी गाडीच्या रंगावर कडेने निळी मास्किंग टेप लावली, इतकी सावकाश की मालक दोनदा घड्याळ बघून आला. मग साबणाने धुणं, मग अल्कोहोलचं फडकं, जुनं सिलिकॉन निघेपर्यंत. फडकं काळं यायचं थांबलं तेव्हा कुठे स्पंजाच्या तुकड्यावर चार थेंब. एक पातळ हात, सुकू देणं, दुसरा पातळ हात. जास्तीचं पुसून टाकणं. 'लोग बोतल का पैसा देते हैं, धुलाई का नहीं,' असं तो टेप काढता काढता म्हणाला. त्याचा सगळा धंदा त्या धुण्यावर उभा आहे, आणि त्याची मजुरी दुकानदार बिलात लिहीत नाही.

सिरॅमिकचा सध्या बोलबाला आहे. सिलिकाचा अतिपातळ थर, बराच काळ टिकतो, पाणी आणि धूळ बसू देत नाही. धुतलेल्या, अजून न उतरलेल्या प्लास्टिकवर तो लावला तर पैसे वसूल होतात असं माझं मत. '९ एच कडकपणा' हे जाहिरातीतलं वाक्य मात्र मनावर घेऊ नये. ९ एच हे पेन्सिलीच्या शिशाचं माप आहे, हिऱ्या-माणकांचं नाही. आणि बोटाने दाबलं तर लवणाऱ्या प्लास्टिकवर कडक थराचा उपयोग तरी किती? रंगवून टाकायचं म्हटलं तर प्लास्टिकचा खास प्रायमर हवा. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरतच नाही, कारखान्यातसुद्धा त्यावर आधी ज्वाळा फिरवून पृष्ठभाग तयार करतात. प्रायमर टाळून रंगवलेल्या कमानी पहिल्या पावसाळ्यातच साल टाकताना दिसतात.

वायपरखालची पट्टी फारच गेली असेल तर तिच्यावर बाटल्या रिकाम्या करण्यापेक्षा नवी घेऊन बसवावी. क्लिपा आणि वायपरच्या दांड्या काढायच्या, एवढंच काम. छोट्या गाडीची पट्टी फार महाग नसते, पण हे सांगितल्याने बाटली खपत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. जुनी पट्टी भंगारात गेली तर पाठीवरच्या खुणेमुळे पुन्हा वितळू शकते.

धनत्रयोदशीला लखनौत शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सीट कव्हर घालून घ्यायला लालबागेत येतात. तेव्हा काळं प्लास्टिक कोणाच्या ध्यानीमनी नसतं, ते नवंकोरं असतं. नव्या गाडीला सिरॅमिकचा थर तेव्हाच लावावा, कारण वाचवण्यासारखं सगळं तेव्हाच शाबूत असतं. उस्ताद प्रत्येकाला हे सांगतो, दहातले नऊ हसून पुढे जातात. दहाव्याला तो गाडी नेहमी कुठे उभी असते ते विचारतो, पश्चिमेचं ऊन कुठल्या बाजूला येतं ते विचारतो, आणि गाडी रोज एकाच दिशेने न लावता आलटून पालटून लावायला सांगतो. त्याचे पैसे तो घेत नाही.